खण क्रमांक चार: गोंडवन पानांच्या नावांची फेरतपासणी (प्रकल्प नोंदी)

१२ जून २०२३

विभागाच्या संग्रहातलं लाकडी कपाट आज रिकामं करायला घेतलं. चौथ्या खणातून जीवाश्मांचे एकूण ६४ दगड निघाले. गोंडवन म्हणजे भारत आणि दक्षिणेकडचे खंड एकत्र जोडलेले होते तो प्राचीन भूखंड; जवळजवळ सगळे दगड त्या काळचे. बहुतेक कामठी परिसरातले, तांबूस-पिवळ्या दगडावर उमटलेले पानांचे ठसे. सात-आठ उमरेडकडचे, काळे, हाताला काळिमा लावणारे.

संग्रह संगणकावर चढवायचा आहे. चिठ्ठीवरचं नाव उतरवून घेतलं की झालं, असं आधी वाटत होतं. तसं केलं असतं तर आठवड्यात काम उरकलं असतं. पण चिठ्ठ्यांचा आपसात मेळ नाही. सारख्याच दिसणाऱ्या दोन पानांना शेजारशेजारच्या दगडांवर वेगवेगळी नावं आहेत. म्हणून आधी नावं तपासायची, मग चढवायची. त्यासाठी ही वही.

सोबत एम.एस्सी.च्या दोघी जणी आहेत, आणि प्रयोगशाळेतले परिचर काका. कुठला दगड कुठल्या खणात होता हे काकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दगड क्र. १७ बाजूला काढून ठेवला. तळहाताएवढा आहे. त्याच्या पाठीवर एकावर एक तीन चिठ्ठ्या डकवलेल्या आहेत.

१५ जून

१७ च्या चिठ्ठ्या सोडवल्या. ओला टीपकागद वर ठेवायचा, वीस मिनिटं थांबायचं, मग पातळ सुरीने कडेकडेने उचलायचं. काकांचा हात माझ्यापेक्षा स्थिर, म्हणून सुरी त्यांच्याकडे दिली. एकही चिठ्ठी फाटली नाही.

सर्वांत खालची टाकाने लिहिलेली: नोगेराथिया हिस्लॉपी. मधली टंकलेखन यंत्रावरची: कॉर्डाइटिस हिस्लॉपी. वरची बॉलपेनने: नोगेराथिऑप्सिस हिस्लॉपी. दगड तोच, पान तेच. दुसरा शब्द तिन्हींत कायम, पहिला तिन्हींत वेगळा.

एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मग यातलं बरोबर कुठलं?" चौथी चिठ्ठी लिहायची वेळ येईल तेव्हा सांगीन म्हटलं. या खणाचं सगळं काम त्या एका प्रश्नाभोवती फिरणार असं दिसतंय.

२१ जून

दोघींना आज नावाची घडण समजावून सांगितली. वहीतही लिहून ठेवते, पुढच्या तुकडीला उपयोगी पडेल.

पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, दुसरा जातीचा. त्यांच्यामागे नाव देणाऱ्याचं नाव. पुढे कुणी त्या जातीची प्रजाती बदलली, तर मूळ नाव देणारा कंसात जातो आणि बदलणारा कंसाबाहेर येतो. म्हणजे ‘नोगेराथिऑप्सिस हिस्लॉपी (बनबरी) फाइस्टमांटेल’ एवढ्या ओळीत पानाचा पूर्वेतिहास आला. जात बनबरीने सांगितली, घर फाइस्टमांटेलने बदललं. आपल्याकडे लग्नपत्रिकेत ‘पूर्वाश्रमीची’ म्हणून माहेरचं नाव छापतात, तसा तो कंस आहे असं मी सांगितलं आणि दोघींच्या ते लगेच लक्षात आलं.

जीवाश्म वनस्पतींच्या नावांची गणती ३१ डिसेंबर १८२० पासून धरतात. आजच्या फुलझाडांची लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून धरतात, तशी यांची स्टर्नबर्गच्या ग्रंथापासून. त्याआधी कुणी काही नाव दिलं असलं तरी ते अग्रहक्कासाठी, म्हणजे सर्वांत आधीचं नाव कुठलं हे ठरवताना, मोजायचं नाही.

आता हे पान. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूरला आले. शाळा काढली, गोंडांची भाषा आणि गाणी टिपली, आणि रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर कामठी, सिलेवाडा, भरतवाडा या भागातले जीवाश्म गोळा केले. ते जीवाश्म इंग्लंडला पोचले आणि चार्ल्स बनबरीने १८६१ मध्ये त्यांतल्या वनस्पतींचं वर्णन छापलं. पळीसारखं, टोकाकडे रुंद होणारं, मध्यशीर नसलेलं एक पान त्याला दिसलं. युरोपातल्या नोगेराथिया या प्रजातीत त्याने ते बसवलं आणि जातीला हिस्लॉप यांचं नाव दिलं.

म्हणजे जगात कुठेही, ब्राझीलमध्ये, दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, कुणी या जातीचं नाव घेतलं तर ते शेवटी नागपूर परिसरातून उचललेल्या दगडाशी येऊन टेकतं. चौथ्या खणातले दगड त्याच मातीतले. हे काम मन लावून करायला मला एवढं कारण पुरतं.

३ जुलै

पहिली चिठ्ठी का गेली ते आज वाचून पुरं केलं.

ओट्टोकार फाइस्टमांटेल बोहेमियातले, कलकत्त्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला. गोंडवन वनस्पतींवरचं पहिलं मोठं, सलग काम त्यांचं. त्यांनी १८७९ मध्ये हे पान नोगेराथियातून बाहेर काढलं आणि नोगेराथिऑप्सिस ही नवी प्रजाती केली. ‘ऑप्सिस’ म्हणजे सारखं दिसणारं. नावातच सांगून टाकलं की दिसायला तसं आहे, पण ते नाही.

त्यांची शंका किती रास्त होती हे कळायला फार वर्षं जावी लागली. मूळच्या नोगेराथियाचं कूळ नेमकं कुठलं यावर शंभर वर्षांहून जास्त वाद चालला. चीनमध्ये अंतर्गत मंगोलियातल्या वूडा इथे ज्वालामुखीच्या राखेत सुमारे २९.८ कोटी वर्षांपूर्वीचं एक जंगल उभ्याउभ्या पुरलं गेलं होतं. तिथल्या जवळजवळ पूर्ण झाडावरून २०२१ मध्ये ठरलं की हा गट बीजाणू टाकणारा. बीजधारी वनस्पतींचा सख्खा शेजारी, पण स्वतःला बी नाही. आपलं नागपूरचं पान बनबरीच्या नावाखाली राहिलं असतं तर आज बी नसलेल्या झाडांच्या रांगेत उभं असतं.

दुसऱ्या शब्दाचा एक बारकावा. हिस्लॉप हे आडनाव व्यंजनान्त. त्यापासून लॅटिन षष्ठी करताना शेवटी दोन ‘आय’ लागतात. आमच्या तिन्ही चिठ्ठ्यांवर एकच आहे, आणि छापील पुस्तकांतही दोन्ही रूपं सर्रास दिसतात. नियमाप्रमाणे हे लेखन दुरुस्त करून घ्यायचं असतं, त्याला नवं नाव म्हणत नाहीत. आमच्या यादीत दोन ‘आय’ राहतील. शोध घेताना मात्र संगणकाला दोन्ही रूपं सापडली पाहिजेत, तशी सोय करायला सांगितली.

११ जुलै

छत गळलं. कपाट वेळेत सरकवलं, दगड कोरडे आहेत.

कपाट सरकवताना मागची बाजू दिसली आणि फार वाईट वाटलं. कधीतरी तपासणी येणार म्हणून सगळ्या कपाटांना रंग दिला गेला होता. तेव्हा खणांच्या कडेला खडूने आणि रंगाने लिहिलेल्या ठिकाणांच्या खुणा रंगाखाली गेल्या. १७ सह एकवीस दगडांची नेमकी जागा कळायचा तेवढाच एक मार्ग होता. नाव चुकलं तर पुन्हा देता येतं. दगड कुठून आला हे एकदा पुसलं की कुणालाच परत लिहिता येत नाही. दोघींना हे त्या रंगलेल्या फळीसमोर उभं करूनच सांगितलं.

१९ जुलै

आजचा दिवस फार चांगला गेला.

नोगेराथिऑप्सिस म्हणून चिठ्ठी असलेले अकरा दगड एका रांगेत मांडले. खिडक्या बंद केल्या. टेबलावरचा दिवा इतका खाली आणला की उजेड दगडावरून सरपटत जाईल. समोरून उजेड टाकला की ठसा सपाट, मुका दिसतो. कडेने टाकला की शिरा उठून उभ्या राहतात, संध्याकाळच्या उन्हात नांगरलेल्या वावरातल्या सऱ्या दिसतात तशा.

मग प्रत्येक शीर देठाकडून टोकाकडे भिंगाखाली बोटाने नव्हे तर बांबूच्या काडीने चालत न्यायची. नोगेराथिऑप्सिसमध्ये एका शिरेच्या दोन होतात, दोनांच्या चार होतात, पण फुटलेल्या शिरा पुन्हा भेटत नाहीत. पंख्यासारख्या उघडत जातात आणि कडेपर्यंत आपापल्या वाटेने राहतात. गँगॅमॉप्टेरिस या तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या पानात त्या फुटतात, पुढे जाऊन शेजारणीला मिळतात, पुन्हा फुटतात; मध्ये लांबट घर तयार होतं. मध्यशीर दोघांनाही नाही. ग्लॉसॉप्टेरिस या तिसऱ्या पानात जाळीही आहे आणि मध्यशीरही.

पान पूर्ण असेल तर गोंधळ होत नाही. आमच्याकडे निम्मे तुकडे आहेत. क्र. २३ वर पानाची फक्त एक बाजू उमटली आहे. वरवर पाहता शिरा समांतर. साडेतीन सेंटीमीटर काडी चालवली तोवर काही नाही. मग देठाच्या अंगाला, लोखंडाच्या गंजाचा डाग संपतो तिथे, दोन शिरा एकमेकींना टेकलेल्या दिसल्या. जरा वर पुन्हा. मग एकदा दिसलं ते सगळीकडे दिसू लागलं: खालच्या भागात लांब लांब घरांची जाळी. हे नोगेराथिऑप्सिस नव्हेच. आधीच्या चिठ्ठीवर कॉर्डाइटिस होतं, तेही नव्हे.

अकरांपैकी तीन असे निघाले. दोन गँगॅमॉप्टेरिस. तिसऱ्यात मध्यशिरेचा भागच तुटून गेलेला, म्हणून ग्लॉसॉप्टेरिस की गँगॅमॉप्टेरिस हे सांगता येत नाही. त्यावर तेवढंच लिहिलं.

विद्यार्थिनीने विचारलं, गँगॅमॉप्टेरिसमधली गंगा आपली का? नाही. ‘गँगॅमॉन’ हे ग्रीकमध्ये मासे धरायचं लहान जाळं. ‘टेरिस’ म्हणजे नेचा. आणि ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ. अडॉल्फ ब्राँन्यार यांनी १८२८ मध्ये ग्लॉसॉप्टेरिस हे नाव दिलं तेव्हा ते नेच्याचं पान समजत होते. हा नेचा नव्हे, बी धरणारं झाड आहे, हे पुढे पक्कं झालं. दक्षिण आफ्रिकेतल्या एडना प्लमस्टेड यांनी १९५२ मध्ये पानालाच चिकटलेले प्रजननाचे अवयव दाखवले. तरी नावातला नेचा तसाच राहिला, आणि तो राहायलाच हवा. अर्थ चुकला म्हणून नाव बदलायची मुभा नियमात नाही. नाहीतर दर पिढीला सगळी नावं नव्याने पाठ करावी लागतील.

१७ व्या दगडावर दोघींनी आलटून पालटून तीनदा काडी चालवली. एकही शीर परत मिळत नाही. मध्यावर सेंटीमीटरला अठरा ते वीस शिरा.

२ ऑगस्ट

उमरेडच्या काळ्या दगडांपैकी क्र. ५१ वर उपत्वचा काढून पाहायची होती. पानाचा कोळसा झाला तरी त्याच्यावरचा मेणचट पापुद्रा कधीकधी टिकतो. त्यात पेशींच्या कडा आणि पर्णरंध्रं जशीच्या तशी दिसतात.

पहिला प्रयत्न माझ्यामुळे फुकट गेला. नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेटच्या द्रावणात तुकडा रात्रभर ठेवला, सकाळी तळाला नुसता गाळ. एवढा पातळ कोळसा तितका वेळ सोसणार नाही हे मला कळायला हवं होतं. तो तुकडा आता कधीच मिळणार नाही.

दुसऱ्या वेळी दर अर्ध्या तासाने पाहत राहिले. काळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा काकवीच्या रंगाचा. तेव्हा काढून पाण्यात धुतला आणि सौम्य अमोनियात सोडला. काळं पाणी सुटलं, आणि मेथीच्या दाण्याएवढा पिवळट पापुद्रा वर तरंगला. काचेवर घेतला. शिरांच्या वर लांबट पेशी, शिरांच्या मधल्या पट्ट्यांत पर्णरंध्रं. दोघी सूक्ष्मदर्शकावरून उठायला तयार नव्हत्या. काकांनाही बोलावून दाखवलं. जवळजवळ तीस कोटी वर्षांपूर्वी या पानाने ज्या भोकांतून श्वास घेतला, ती भोकं.

कामठीच्या तांबड्या दगडांवर हे करता येत नाही. तिथे पानाचा पदार्थच उरलेला नाही, फक्त ठसा.

१० ऑगस्ट

दुसरी चिठ्ठी, कॉर्डाइटिस.

१९०८ मध्ये स्यूअर्ड आणि लेस्ली यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या फेरेनिगिंगची पानं अभ्यासली. त्यांचं म्हणणं असं, की उत्तरेकडच्या कोळशाच्या खाणींत कॉर्डाइटिस नावाची लांब पट्ट्यासारखी पानं मिळतात, त्यांच्यात आणि गोंडवनातल्या या पानांत वेगळी प्रजाती मानण्याइतका फरक नाही. म्हणून ‘कॉर्डाइटिस हिस्लॉपी’. हे नाव दशकानुदशकं चाललं. सायबेरियात सेर्गेई मेयेन यांनी १९६३ मध्ये अशाच दिसणाऱ्या पानांच्या खालच्या अंगाला पर्णरंध्रांच्या खाचा दाखवल्या आणि त्यांना रुफ्लोरिया म्हणून वेगळं काढलं. म्हणजे बाह्य आकार सारखा असला तरी आत तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात, याची खूण पटली.

मग १९९६ मध्ये मॅक्लॉफलिन आणि ड्रिनन यांनी पूर्व अंटार्क्टिकातली, आतल्या ऊतींसह दगड झालेली पानं कापून पाहिली. ठसा नव्हे, पानाचा खराखुरा छेद. त्यावरून त्यांनी गोंडवनातल्या पानांसाठी नोगेराथिऑप्सिस हेच नाव राखलं.

मी त्यांच्या बाजूने आहे. आणखी एक कारण माझं स्वतःचं. कॉर्डाइटिस म्हटलं की ऐकणारा नुसतं पान ऐकत नाही. उत्तरेकडचं झाड, त्याचे शंकू, त्याच्या बिया, सगळं मनात आणतो. आमच्या खणात बिया आहेत, पण सुट्या. पानाला चिकटलेली एकही नाही. दगडात नाही ते नावातून सुचवू नये.

एक गोष्ट वाचताना मन थांबलं. कॉर्डाइटिस हे नाव उंगर यांनी १८५० मध्ये ऑगस्ट कोर्डा यांच्या स्मरणार्थ दिलं. कोर्डा १८४९ मध्ये टेक्सासहून परत येताना अटलांटिकमध्ये जहाजासह गेले. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. १९०८ मध्ये ही दोन नावं एका ओळीत शेजारी आली, आणि पुढे पुन्हा वेगळी झाली. मधली चिठ्ठी म्हणून मी जास्तच जपून ठेवली आहे.

२४ ऑगस्ट

क्र. ४० ते ४४: वर्टेब्रारिया. मणक्यासारखी दिसणारी, खणाखणांची पट्टी. जॉन फोर्ब्स रॉयल यांनी एकोणिसाव्या शतकात नाव दिलं ते दिसण्यावरून. हे ग्लॉसॉप्टेरिसचं मूळ आहे हे आता मान्य आहे. आतल्या पोकळ्यांमुळे मणके दिसतात, आणि त्या पोकळ्या दलदलीत हवा नेण्यासाठी असाव्यात.

दोघींनी साहजिक प्रश्न केला: मूळ त्याचंच आहे तर ग्लॉसॉप्टेरिस असंच का लिहू नये?

कारण जीवाश्मात झाड सुटं सुटं मिळतं. पान एकीकडे, मूळ दुसरीकडे, पराग तिसरीकडे. नियमाने प्रत्येक भागाला वेगळं नाव ठेवायला परवानगी दिली आहे. राजमहाल टेकड्यांतलं पेंटोक्सिलॉन घ्या. पेंटोक्सिलॉन हे खोड, निपॅनिओफायलम हे पान, कार्नोकोनाइट्स हा बियांचा शंकू, सहानिया हा नर अवयव. बिरबल सहानींनी १९४८ मध्ये खोड, पान आणि शंकू एका गटात बांधले, नर अवयव पुढे त्यात आला, तरी नावं चारही चालू आहेत. कुठल्या जातीचं पान कुठल्या जातीच्या मुळावर होतं, हे नेमकं जुळवता येत नाही तोवर ही वेगळी नावंच प्रामाणिक.

जुळवता येतं तेव्हा कसं येतं, तेही सांगितलं. १९०३ मध्ये ऑलिव्हर आणि स्कॉट यांच्यापुढे इंग्लंडच्या कोळशातली एक सुटी बी होती, लॅजेनोस्टोमा. तिच्याभोवतीच्या आवरणावर देठ असलेल्या, टोकाशी गोल ग्रंथी होत्या. नेच्यासारख्या पानांच्या एका झाडाच्या खोडावर आणि पानांच्या दांड्यावर हुबेहूब तशाच ग्रंथी होत्या, आणि त्या खाणीतल्या दुसऱ्या कुठल्याही वनस्पतीवर नव्हत्या. बी त्या झाडाला लागलेली कुणी पाहिली नव्हती. केवळ त्या ग्रंथींच्या बळावर त्यांनी दोन्ही एकत्र आणली, आणि ‘बीजनेचे’ हा अख्खा गट उभा राहिला. पुढे मिळालेल्या पुराव्याने ते खरं ठरलं. एवढी बारीक नजर असेल तर जुळणी करावी.

वर्टेब्रारिया तसंच ठेवलं. संगणकाच्या यादीत ‘संबंधित’ असा वेगळा रकाना केला.

५ सप्टेंबर

लाकडाचे दोन तुकडे, चिठ्ठी अरॉकॅरिऑक्सिलॉन. हे नाव नियमाप्रमाणे टिकत नाही. हार्टिगने १८४८ मध्ये दिलेलं अगाथॉक्सिलॉन आधी हजर होतं. २०१४ मध्ये या लाकडांच्या अभ्यासकांचा कौल घेऊन छापला गेला, त्यातही पारडं अगाथॉक्सिलॉनकडे झुकलं. बदललं. अर्ध्या तासाचं काम.

१८ सप्टेंबर

थोडा वाद झाला, चांगला झाला.

क्र. ८ हे ग्लॉसॉप्टेरिस. टोक जरा जास्त बोथट, जाळीची घरं जरा जास्त रुंद. विद्यार्थिनीचं म्हणणं, छापलेल्या कुठल्याच वर्णनाशी पुरतं जुळत नाही, तर नवी जात का करू नये? तिने मोजमापं फार काळजीपूर्वक घेतली होती आणि तिचा हुरूप मला मोडायचा नव्हता.

तिला आधी उलटी बाजू दाखवली. एकोणिसाव्या शतकात जीभेसारखं दिसलं की ‘ग्लॉसॉप्टेरिस इंडिका’ लिहून मोकळं व्हायची सवय होती. दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट (बीजनेच्यांवाले स्कॉट वेगळे) आणि त्यांच्या साथीदारांनी शेवटपर्यंत न टाकलेल्या सुमारे १६ किलो दगडांतली पानंही स्यूअर्ड यांनी १९१४ मध्ये इंडिका म्हणूनच नोंदली. एका नावात सगळं कोंबलं की ते नाव काही सांगेनासं होतं. चंद्रा आणि सुरंगे यांनी १९७९ मध्ये भारतातल्या ग्लॉसॉप्टेरिसची फेरतपासणी केली ती याच कारणासाठी, आणि त्यात पुष्कळ नव्या जाती वेगळ्या काढल्या.

म्हणजे नवी जात करणं चूक नाही. पण आपल्याकडे दगड एक, पान एक, तेही टोकाकडचं अर्धं. एकाच फांदीवर कोवळं पान वेगळं, जून वेगळं. मागच्या अंगणातल्या फणसाची वीस पानं तोडून आण, मोज, मग बोलू, असं म्हटलं. तिने खरंच आणली. लहानातलं लहान पान मोठ्याच्या निम्म्यापेक्षा कमी, कोवळ्या फुटव्यावरची दोन तर कडेला खोल कापलेली. ती पानं कागदात दाबून क्र. ८ च्या शेजारी ठेवली आहेत.

नवं नाव छापायचं तर वर्णन, चित्र, टाइप नमुना (ज्या दगडाशी ते नाव कायमचं बांधलं जातं तो) आणि तो कायम कुठे राहणार याची नोंद, सगळं लागतं. गळक्या छताखाली टाइप नमुना ठेवायची माझी तयारी नाही. क्र. ८: ग्लॉसॉप्टेरिस, जात अनिश्चित. तिची मोजमापं मात्र तिच्या नावाने यादीत जोडली.

७ ऑक्टोबर

खणाच्या तळाशी एक गारगोटीसारखा तुकडा निघाला. हा गोंडवनाचा नाही, दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधला. वेगळ्या खणात हलवला. नागपूरच्या विज्ञान संस्थेत शिकवलेल्या आणि पुढे क्लीव्हलँडच्या संग्रहालयात काम केलेल्या चितळे बाईंची आठवण झाली. असल्याच दगडांतल्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या द्राक्षकुळातल्या फळांना २०१३ मध्ये मँचेस्टर, कापगते आणि वेन यांनी इंडोव्हायटिस चितळेई म्हटलं.

४ नोव्हेंबर

सिलेवाड्याला जाऊन आलो. १७ चा दगड कुठल्या थरातला असू शकेल याचा अंदाज घ्यायचा होता. पिवळट वाळूचा दगड, मध्ये तांबड्या, लोखंडी पापुद्र्याच्या रेघा. रंग आणि पोत १७ शी जुळतो, पण तसा तो या पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी जुळेल. हातात दगड धरून दोघी बराच वेळ उन्हात उभ्या होत्या. परत येताना त्यांनी स्वतःहूनच म्हटलं, "मॅडम, सिलेवाडा लिहायचं नाही ना?" नाही लिहायचं.

२० नोव्हेंबर

चिठ्ठ्या लिहून झाल्या. सर्वांत जास्त चर्चा १७ आणि ५१ वर झाली.

दोघींची अपेक्षा अशी, की ५१ वर उपत्वचा मिळाली, पर्णरंध्रं दिसली, म्हणजे त्याचं नाव पक्कं. आणि १७ नुसता ठसा, म्हणजे त्याचं कच्चं. मी उलट लिहिलं. हिस्लॉपी ही जात बनबरीने नागपूर परिसरातल्या पानांचा आकार आणि शिरा पाहून बांधली. त्या वर्णनात उपत्वचा नाही. १७ त्याच परिसरातलं, तशाच ठशाचं, आणि त्याचा आकार, शिरांची वाट, फुटण्याची तऱ्हा त्या वर्णनाशी जुळते. म्हणून ते हिस्लॉपी. ५१ मध्ये जे जास्तीचं दिसतं ते मूळ नमुन्याशी ताडून पाहायला तिथे काही नाही, आणि थरही वेगळा, जुना. म्हणून ५१ फक्त ‘हिस्लॉपीशी तुलना करावी’ असं. ५१ ची काच आणि छायाचित्रं मात्र सर्वांत जपून ठेवायची, कारण उद्या कुणाला कामठीच्या थरात पदार्थ टिकलेलं एखादं पान मिळालं तर ताडायला हीच लागतील.

१७ ची चौथी चिठ्ठी, शाईने, आम्लरहित कागदावर:

नोगेराथिऑप्सिस हिस्लॉपी (दोन आय), (बनबरी) फाइस्टमांटेल १८७९. मूळ नाव: नोगेराथिया हिस्लॉपी, बनबरी १८६१. ओळख शिरांवरून, जाळी नाही, मध्यशीर नाही. उपत्वचा नाही. कामठी परिसर, नेमकी जागा माहीत नाही. तपासलं: नोव्हेंबर २०२३.

दगडावर डकवली नाही. जुन्या तिन्ही चिठ्ठ्यांसह एका पाकिटात घालून पाकीट दगडाखाली ठेवलं. पाकिटात आणखी दोन-तीन चिठ्ठ्या मावतील एवढी जागा काकांनी मुद्दाम ठेवली आहे.

उद्यापासून खण क्रमांक पाच.